पाण्यातल्या गावात पत्ता शोधताना

चौथीच्या वर्गात मी युरोपचा नकाशा टांगला होता. बुटासारखा दिसणारा देश कोणता, हे पोरांनी लगेच ओळखलं. मग त्या बुटाच्या वरच्या बाजूला, समुद्राच्या कडेला पट्टीचं टोक टेकवून मी म्हटलं, "आणि हे व्हेनिस. या गावात रस्त्यांच्या जागी पाणी आहे."

मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, मग रिक्षा कुठं थांबते?"

वर्ग हसला. मीही हसले. पण विचारणारा हसत नव्हता. त्याचे वडील रिक्षा चालवतात. तो पुढे म्हणाला, "म्हणजे, पावणे सामान घेऊन आले, तर घरापर्यंत जायचं कसं?"

मुलांनो, खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. बाईंना उत्तर येत नसलं की बाई काय म्हणतात? "बघून सांगते." मीही तेच म्हटलं. खरोखरच बघायला जायची वेळ येईल, असं मात्र तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

माझा भाऊ जर्मनीत म्युनिकला नोकरीला आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं आईला आणि आम्हा मायलेकींना बोलावून घेतलं. आई सत्तरीला आलेली, गुडघे दुखणारी. लेक पाचवीतून सहावीत गेलेली, पाय न दुखणारी. भाऊ म्हणाला, "व्हेनिस जवळच आहे, रेल्वेनं जाता येतं. तुम्ही पुढं व्हा, मला रजा दुसऱ्या दिवसापासून आहे. मी येऊन मिळतो." हॉटेल आम्हीच कॉम्प्युटरवर बसून निवडलं. फोटो छान, भाडं परवडणारं, आणि खाली लिहिलेलं, 'सान मार्को चौकापासून दहा मिनिटे'. आणखी काय पाहिजे?

आणखी काय पाहायला हवं होतं, तेच आज सांगणार आहे.

व्हेनिस म्हणजे एका मोठ्या खाजणात वसलेली शंभराहून जास्त छोटी बेटं. त्यांना जोडणारे चारशेच्या वर पूल. घरांच्या पायाखाली चिखलात ठोकलेले लाकडी खांब. लाकूड कुजत कसं नाही, असं तुम्ही विचाराल. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून ते शतकानुशतकं टिकतं. हे गाव मुख्य भूमीला जोडणारा रेल्वेचा पूल १८४६ साली सुरू झाला. म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या सात वर्षं आधी. त्याआधी होडीशिवाय इथं यायची सोयच नव्हती. मोटारींसाठीचा पूल तर १९३३ सालचा. पण मोटारी आणि बस गावाच्या तोंडाशी, पियाझ्झाले रोमा नावाच्या तळावर थांबतात. त्यापुढे एकही चाक जात नाही. सायकलसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या गावात हॉर्न ऐकूच येत नाही!

सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर रस्ता नसतो, थेट पाणी असतं. दगडी पायऱ्या उतरलो आणि आई थबकली. हा ग्रँड कॅनाल, गावाच्या मधून उलट्या एस अक्षरासारखा वळत जाणारा मोठा कालवा. त्यात जिकडंतिकडं बोटी. आपल्याकडे एसटी स्टँडवर जशा गाड्या लागतात, तशा धक्क्याला बोटी लागत होत्या. या बोटीला वापोरेत्तो म्हणतात. १८८१ पासून त्या चालतात. तिकीट काढायचं, धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचं, की 'टिक्' असा आवाज येतो. टेकवलं नाही तर तिकीट असूनही दंड. एका वेळच्या तिकिटाला साडेनऊ युरो पडतात आणि ते ७५ मिनिटं चालतं. मी मनातल्या मनात नव्वदनं गुणलं आणि गप्प बसले. लेकीनं मोठ्यानं गुणलं.

नकाशावर हॉटेलच्या जवळ दिसत होता रिआल्तोचा धक्का. तिथं उतरलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. आता दहा-पंधरा मिनिटं चालायचं, एवढंच.

इथं आमची पहिली चूक झाली. नकाशा सपाट असतो, मुलांनो. व्हेनिस सपाट नाही. पुलाखालून होडी जायला हवी, म्हणून प्रत्येक पूल मधोमध उंच असतो, आणि वर चढायला-उतरायला पायऱ्या असतात. पहिल्या पुलाला लेकीनं चढताना अठरा पायऱ्या मोजल्या. मी दोन बॅगा उचलून वर नेल्या, खाली आले, आईचा हात धरून तिला वर आणलं. मग पलीकडे उतरताना तेच. आई म्हणाली, "एवढाच ना?" मी म्हटलं, "हो, एवढाच." लबाडी नव्हती, मला तसंच वाटत होतं.

दुसरा पूल आला. तिसरा आला. भिंतीवर पिवळ्या पाट्या होत्या, 'रिआल्तोकडे', 'सान मार्कोकडे', 'स्टेशनकडे'. पण आमच्या हॉटेलकडे कोण पाटी लावणार? एका कोपऱ्यावर तर सान मार्कोसाठी डावीकडे एक बाण आणि उजवीकडेही एक बाण. दोन्ही खरेच होते म्हणे! हातातल्या फोनवरचा निळा ठिपका कधी कालव्याच्या अलीकडे, तर कधी उडी मारून पलीकडे. इथले बोळ इतके अरुंद आणि घरं इतकी उंच, की बिचाऱ्या फोनला आभाळच नीट दिसत नाही. एका बोळातून गेलो तर पुढे बोळ संपून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पाय घसरला असता तर थेट आंघोळ. परत फिरलो. त्यात आणखी दोन पूल वाढले.

सातवा पूल उतरून आम्ही एका मोठ्या चौकात आलो. इथे चौकाला काम्पो म्हणतात. काम्पो म्हणजे शेत. जुन्या काळी तिथं खरंच गवत असायचं. मध्ये एक नक्षीदार दगडी आड होता. एका अंगाला विटांचं प्रचंड देऊळ, म्हणजे चर्च. आणि त्याच्यापुढे, उंच चौथऱ्यावर घोड्यावर बसलेला एक करारी माणूस. काशाचा पुतळा. आईनं मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "हा कुठला महाराज?"

मग ती आडाच्या पायरीवर बसली. "मी आता इथून हलत नाही. तुमचं हॉटेल सापडलं की मला न्यायला ये."

फोन म्हणत होता, हॉटेल तीन मिनिटांवर. बॅटरी उरली होती चार टक्के. मी लेकीला आजीजवळ बसवलं, बॅगा दिल्या, आणि म्हटलं, "पाच मिनिटांत आले." ही दुसरी चूक. पहिलीपेक्षा फार मोठी.

व्हेनिसचा पत्ता कसा असतो, ते सांगते, म्हणजे माझी फजिती कळेल. गावाचे सहा भाग आहेत. कास्तेल्लो, कान्नारेजो, सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांना नंबर गल्लीप्रमाणे नसतात. अख्ख्या भागाला मिळून एकच रांग. कास्तेल्लोत एकपासून सुरुवात होते, ती सहा हजारांच्या पुढे जाते! नंबर भिंतीच्या कडेकडेनं चालतो, बोळात शिरतो, एखाद्या अंगणात फेरी मारून दुसऱ्याच बाजूनं बाहेर पडतो. त्यामुळे ६२९० च्या समोरच्या दारावर ६४०० चा नंबर असू शकतो. आमच्या कागदावर पत्ता होता 'कास्तेल्लो, सहा हजार दोनशे अमुक'. बस्स. गल्लीचं नाव नाही, खूण नाही. म्हणजे आपल्याकडे कुणी 'पुणे, घर नंबर सहा हजार' एवढंच लिहून द्यावं, तसं.

एक पूल, एक बोळ, घराखालून जाणारा एक अंधारा बोगदा, मग पुन्हा बोळ. फोन मधेच बंद पडला. दारांवरचे नंबर वाचत वाचत शेवटी हॉटेल सापडलं. छोटंसं दार, आत एक मध्यमवयीन गृहस्थ. त्यांना म्हटलं, "आई आणि मुलीला घेऊन येते," आणि आल्या पावली फिरले.

बोगदा मिळाला. पण तो तोच होता का? पूल मिळाला. पण त्याला लोखंडी कठडा होता; मघाचा दगडी होता. म्हटलं, जवळच असेल. वळले, पुढे गेले आणि चौक दिसला. मधोमध आड. मी जवळजवळ धावतच गेले.

आडापाशी कुणी नव्हतं.

तो क्षण मी कधी विसरणार नाही. पोटात गोळा आला. आईला इंग्रजी येत नाही. तिच्याकडे फोन नाही. लेक दहा वर्षांची. मी दोघींना हाका मारल्या. वरच्या एका खिडकीतून कुणीतरी डोकावलं आणि खिडकी लावून घेतली. मग माझ्या लक्षात आलं, इथे घोडा नाही. हा तो चौकच नव्हे! व्हेनिसच्या जवळपास प्रत्येक चौकात मधोमध आड आहे. मी मात्र खूण ठेवली होती ती 'आड असलेला चौक' अशी. भिंतीवर चौकाचं नाव ठळक लिहिलेलं असणार. मी ते वाचलंच नव्हतं. रोज वर्गात पोरांना सांगणारी मी, 'प्रश्न नीट वाचा'!

कशीबशी पुन्हा हॉटेलशी आले, तीही नशिबानं. त्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहिला आणि उठूनच उभे राहिले. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच. "कुठला काम्पो?" ते विचारत होते. मला नाव सांगता येईना. मग गल्ल्यावरचा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि फळ्यावर काढते तसं चित्र काढलं. एक आड. एक मोठं चर्च. आणि एक घोडा, वर माणूस. माझा घोडा नेहमी गाढवासारखा येतो, हे माझे विद्यार्थी तुम्हाला सांगतील. पण त्यांनी कागदावर बोट आपटलं आणि ओरडले, "झानिपोलो!"

दाराला कुलूप लावून ते स्वतः माझ्याबरोबर निघाले. एक पूल, दोन वळणं, चार मिनिटं. अंधार पडला होता. चौकातले दिवे लागले होते. आडाच्या पायरीवर आई बसली होती, लेकीला शालीत गुंडाळून जवळ घेऊन. लेक रडत नव्हती. रडून झालं होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पाच मिनिटं म्हणाली होतीस." आई काहीच बोलली नाही. तिचा हात हातात घेतला तर तो गार पडला होता.

त्या रात्रीबद्दल आणखी लिहीत नाही. एवढंच सांगते, की खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि जिना फार चिंचोळा होता. जुन्या घरांत लिफ्ट नसते, हेही आम्ही विचारलं नव्हतं. त्यात इटलीत तळमजला मोजत नाहीत, त्याच्या वरचा तो पहिला. त्या गृहस्थांनी आईला खालच्या मजल्यावरची एक लहान खोली उघडून दिली आणि जादा पैसे घेतले नाहीत.

सकाळी मी एकटीच त्या चौकात गेले. भिंतीवर काळी चौकट काढलेला पांढरा रंगाचा आयत होता, आणि त्यात काळ्या अक्षरांत चौकाचं नाव. गावभर प्रत्येक बोळाच्या तोंडाशी असे आयत आहेत. इथले लोक त्यांना लाडानं निझिओलेत्ति, म्हणजे 'छोट्या चादरी' म्हणतात. या चौकाचं नाव सान्ती जोव्हान्नी ए पाओलो. पण गावातले लोक दोन्ही संतांची नावं एकत्र करून म्हणतात झानिपोलो. नकाशात एक नाव, तोंडात दुसरं, असं इथे पुष्कळ वेळा असतं.

आणि तो घोडेस्वार? तो बार्तोलोमेओ कोल्लेओनी, व्हेनिसचा सेनापती. त्यानं मरताना आपली मोठी संपत्ती व्हेनिसला दिली, पण अट घातली, की माझा पुतळा सान मार्कोपुढे उभारा. म्हणजे गावातल्या सर्वांत मानाच्या चौकात. तिथं कुणाचाच पुतळा उभारू देत नसत. पैसा तर हवा होता! मग राज्यकर्त्यांनी काय शक्कल लढवली असेल? झानिपोलोच्या चौकात 'स्कुओला ग्रांदे दि सान मार्को' नावाची इमारत आहे. तिच्यासमोर पुतळा उभा केला आणि म्हणाले, हे काय, सान मार्कोपुढेच तर आहे! पुतळा केला वेर्रोक्कियो यानं, जो लिओनार्दो दा विंचीचा गुरू. पुतळा पुरा व्हायच्या आधीच गुरुजी वारले. ओतकाम दुसऱ्या कारागिरानं केलं आणि १४९६ साली तो इथे उभा राहिला. आईला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "फसवलं बिचाऱ्याला. पण आपल्याला उपयोगी पडला."

त्या स्कुओलाच्या इमारतीत आता गावाचा दवाखाना आहे. दर्शनी भिंतीवर संगमरवरातले सिंह कोरलेत, आणि शेजारच्या कालव्यातून रुग्णवाहिका येते. तीसुद्धा बोटच! आम्ही पाहत असतानाच एक आली, भोंगा वाजवत. लेकीनं मग वहीच घातली, कोणकोणत्या बोटी दिसल्या त्याची. पोलिसांची बोट, अग्निशामक बोट, भाजीची, विटा-वाळूची, टपालाच्या खोक्यांची, कपाटं-गाद्या नेणारी, कचऱ्याची. कचरेवाले हातगाडी घेऊन दारोदार येतात आणि गाडी बोटीत रिकामी करतात. माल वाहणाऱ्या हातगाड्यांना पुढे दोन छोटी जादा चाकं असतात, पुलाच्या पायऱ्यांवर टेकवायला. रिक्षावाल्याच्या मुलासाठी मी त्या गाडीचं चित्र काढून आणलं. ते मात्र बरं आलं.

आडाचंही सांगते, कारण त्यानं मला इतकं रडवलं. ते खरे आड नव्हेतच! चहूकडे खारं पाणी. खणून गोडं पाणी लागणार कुठून? म्हणून चौकाखाली मोठा खड्डा करून त्याला चिकणमातीचा लेप देत आणि त्यात वाळू भरत. छपरांचं आणि फरशीवरचं पावसाचं पाणी जाळीतून आत जाई, वाळूतून गाळून मधल्या विहिरीत जमा होई. तेच अख्खं गाव शेंदून प्यायचं. मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं ते १८८४ साली. आता आडांवर झाकणं आहेत. शेजारी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, वाहते आणि फुकट. बाटली जवळ ठेवली तर पाण्याला पैसे पडत नाहीत.

दुपारी भाऊ आला आणि मी त्याला पहिलं वाक्य म्हटलं, "हॉटेल बदलायचं." दोघं बसलो. या वेळी फोटो नाही पाहिले. नकाशावर बोट ठेवून पूल मोजले.

मुलांनो, आईबाबा तुम्हाला घेऊन कधी व्हेनिसला गेले, किंवा कुणी आजी-आजोबांना घेऊन निघालं, तर हे एवढं त्यांना वाचून दाखवा. मीटर मोजू नका, पूल मोजा. हॉटेलवाल्याला आधी विचारा, "तुमच्या सर्वांत जवळचा बोटीचा धक्का कोणता, आणि तिथून तुमच्या दारापर्यंत पूल किती?" प्रत्येक हॉटेलवाल्याला हे ठाऊक असतं, कारण त्याच्या चादरी, पाव, भाजी सगळं त्याच वाटेनं येतं. मग लिफ्ट विचारा. बोळाचं नाव मागा, भागाचं आणि नंबराचं नको. आणि नगरपालिकेनं चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी एक नकाशा केलाय. बोटीनं उतरून एकही पूल न चढता कुठं कुठं जाता येतं, ते त्यात दाखवलेलं आहे. तो गुडघे दुखणाऱ्यांनाही चालतो, चाकांची बॅग ओढणाऱ्यांनाही. तो पाहिल्यावर मला कपाळावर हात मारावासा वाटला. गावाला बाहेरून वळसा घालणाऱ्या बोटींचा एक थांबा त्या दवाखान्यालाच आहे. तिथं उतरून भिंतीच्या कडेनं चालत गेलं, की घोडेस्वाराच्या चौकापर्यंत एकही पूल लागत नाही. आणि आम्ही सात चढलो होतो.

आमचं दुसरं हॉटेल स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळलं की लागणाऱ्या रस्त्यावर मिळालं. लिस्ता दि स्पान्या त्याचं नाव. रस्ता गजबजलेला, जरा बाजारी, आणि पुस्तकात ज्याचे फोटो असतात तसा मुळीच नाही. भाडंही थोडं जास्त. पण पूल शून्य! आई पहिल्यांदा तिथून एकटी फिरून आली, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मुख्य भूमीवर मेस्त्रे नावाच्या गावात खोल्या आणखी स्वस्त मिळतात, तिथून आगगाडीनं दहा-बारा मिनिटांत येता येतं. पुष्कळ लोक तसं करतात. पण मग रात्रीचं व्हेनिस आणि पहाटेच्या कचऱ्याच्या बोटी हुकतात. शिवाय त्याच २०२४ सालापासून काही ठरावीक दिवशी, नुसतं दिवसापुरतं गावात येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घ्यायला सुरुवात झाली आहे. गावात मुक्काम करणाऱ्यांना ते पडत नाहीत, कारण ते हॉटेलात मुक्कामाचा कर भरतातच. चौदा वर्षांखालच्या मुलांनाही माफ आहेत.

फिरायचं कसं, तेही आईनंच शिकवलं. आम्ही दोन दिवसांचा बोटीचा पास काढला. सुट्या तिकिटांपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. मग एक नंबरची बोट धरली. ही ग्रँड कॅनालमधून जवळजवळ प्रत्येक थांबा घेत रमतगमत जाते. आपल्या लाल एसटीसारखी. मागच्या बाजूला बाहेर बसायला जागा मिळाली, आणि आईनं दोन्ही काठांचे शेकडो वर्षांचे वाडे बसल्याजागी पाहिले. त्या मोठ्या कालव्यावर पूल फक्त चार. सर्वांत जुना रिआल्तोचा, एकाच दगडी कमानीचा, १५९१ साली पुरा झालेला. आई म्हणाली, "पूल खालूनच छान दिसतात."

चार पुलांच्या मधल्या लोकांनी काय करायचं? त्यांच्यासाठी आहे त्रागेत्तो. म्हणजे आपल्याकडे नदीवर तर असते, तशी. जुन्या मोठ्या होडीत दहा-बारा माणसं उभी राहतात, दोन नावाडी वल्ही मारतात, आणि दोन-तीन मिनिटांत पलीकडे. आम्हाला माणशी दोन युरो पडले. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका खुशाल उभ्या होत्या. आम्ही मात्र एकमेकींना घट्ट धरून. नवरा-नवरी बसतात त्या नक्षीच्या गोंडोलाला अर्ध्या तासाचे ९० युरो. आम्ही काठावरूनच पाहिली, पण नीट पाहिली. लेकीनं शोध लावला, की गोंडोला वाकडी असते! खरंच. नावाडी मागे उभा राहून एकाच बाजूला वल्हं मारतो. होडी सरळ असती तर गोल गोल फिरत बसली असती. म्हणून तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटरनं जास्त फुगीर बांधतात.

सान मार्कोचा चौक, तिथलं सोनेरी चर्च, राजवाडा, हे सगळं पाहिलं. त्याबद्दल सगळीच पुस्तकं लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. फक्त दोन सूचना. तिथे कबुतरांना दाणे टाकायला २००८ पासून बंदी आहे, आणि पायऱ्यांवर डबा उघडून बसलात तर दंड होतो. आमचे मेथीचे ठेपले आम्ही एका बागेत बाकावर बसून खाल्ले.

त्याऐवजी एक लहानसं अंगण पाहा. रिआल्तोजवळ, एका नाट्यगृहाच्या पाठीमागे. त्याचं नाव कोर्ते सेकोंदा देल मिलिओन. इथे मार्को पोलोच्या घराण्याचं घर होतं. हा मार्को पोलो (१२५४–१३२४) थेट चीनपर्यंत जाऊन आला, आणि त्याच्या प्रवासवर्णनात आपलं ठाणं आहे! 'ताना' या नावानं. तिथलं कातडं, सुती कापड, आणि तिथल्या समुद्रातले चाचे, असं सगळं त्यात येतं. आम्ही गेलो त्या वर्षी त्याच्या मृत्यूला सातशे वर्षं झाली होती. अंगण शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. पण या वेळी प्रत्येक पांढरी 'चादर' लेकीनं वहीत उतरवून घेतली होती. परत येताना तिनंच आम्हाला आणलं, वही उलटीकडून वाचत.

निघायच्या दिवशी मी त्या पहिल्या हॉटेलात जाऊन आले, आईनं दिलेला चिवड्याचा पुडा घेऊन. गल्ल्यामागच्या भिंतीवर, किल्ल्यांच्या शेजारी, माझा घोडा टाचणीनं लावलेला होता. मी खुणेनं विचारलं, मी हा घेऊन जाऊ का? त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग गल्ल्यावरचा नवा कागद पुढे सरकवला. त्यावर धक्क्याचं नाव होतं, पुलांचा आकडा होता, बोळाचं नाव होतं, आणि कोपऱ्यात एक घोडा. नव्या पाहुण्यांना आता तो कागद ते आधीच पाठवणार होते.

जूनमध्ये शाळा उघडली. मी पोरांना सगळं सांगितलं. हातगाडीचं चित्र रिक्षावाल्याच्या मुलाला दिलं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं, आणि मग हात वर केला.

"बाई, आजीला पुन्हा एकटं ठेवून गेला नाहीत ना?"